बाहेरचं पोर्ट

१

शनिवारी सकाळी माझ्या नवऱ्याने हेडच्या तोंडात बॅटरी मारली आणि आतून त्याला स्वतःचंच नाक दिसलं.

नाक तसं नजरेत भरण्यासारखं आहे, पण त्या दिवशी ते बघून त्याला अजिबात आनंद झाला नाही. "इनलेट कुणी पॉलिश केलं?" त्याने विचारलं. आवाज चढलेला नव्हता. त्याचा आवाज चढला नाही की समजावं, प्रकरण गंभीर आहे.

इंजिनाच्या डोक्यावर जे जाडजूड ॲल्युमिनियमचं झाकण असतं, ते हेड. मोटरसायकलच्या हेडमध्ये दोन वाटा, म्हणजे पोर्टं, असतात. एकीतून हवा आणि पेट्रोल आत येतं, दुसरीतून धूर बाहेर जातो. कंपनी अशी हेडं ढिगाने ओतते, त्यामुळे वाटांमध्ये उंचवटे आणि कोपरे राहून जातात आणि हवा ठेचकाळत आत शिरते. ते घासून वाट नीट करणं याला पोर्टिंग म्हणतात आणि त्यावर आमच्या दोन घरांची चूल पेटते. भाऊजींचा मंत्र एकच: मोठं करायचं नाही, मोकळं करायचं.

भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. वर्कशॉप त्यांचं आणि माझ्या नवऱ्याचं, भागीदारीत. एक साडू हाताने घासतो, दुसरा यंत्रावर मोजतो. यंत्र नवऱ्याने घरीच बनवलंय. जुन्या व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटरी, प्लायवूडची पेटी आणि रंगीत पाण्याची तिरकी नळी. पेटी हेडमधून हवा ओढते आणि पाणी किती सरकलं त्यावरून वाट किती मोकळी झाली ते कळतं. चालू असली की ती घोरते, म्हणून तिचं नाव घोरपेटी. माझं काम फोन घेणं, गिऱ्हाईक सांभाळणं आणि या दोघांची भांडणं मिटवणं. तिसऱ्या कामातून सुट्टी मिळत नाही.

तर आमच्याकडचा नियम असा. धुराची वाट आरशासारखी चमकवायची, म्हणजे काजळी धरत नाही. हवेची वाट मात्र मुद्दाम खरबरीत ठेवायची. कार्बोरेटरच्या गाडीत गुळगुळीत भिंतीला पेट्रोल चिकटतं आणि ओघळतं, खरबरीत भिंतीजवळ हवा घुसळली जाते आणि पेट्रोल तिच्यात मिसळून राहतं.

या हेडचं नेमकं उलटं झालं होतं. हवेची वाट लखलखीत आणि धुराची भाऊजींनी आदल्या दिवशी घासून ठेवली होती तशीच.

हेड भूगोलाच्या बाईंचं होतं. बाई शाळेत नकाशे शिकवतात आणि सुट्टीच्या दिवशी चढावरच्या रस्त्यावर मोटरसायकलची शर्यत पळतात. त्यांचं जुनं हेड तडकलं, म्हणून कंपनीचं नवंकोरं हेड थेट खोक्यातून आमच्या टेबलावर आलं होतं. शर्यत दुसऱ्याच दिवशी होती.

"साडूभाऊ," नवरा म्हणाला, "हल्ली तुमचं लक्ष नसतं. परवा त्या स्कूटरवाल्याला तुम्ही उद्या-उद्या करून आठवडाभर लटकवलं. आता हे."

"मी चुकीच्या पोर्टाला पॉलिश करीन?" भाऊजी म्हणाले. ते बॅटरी घेऊन आत बघत होते. "आतलं की बाहेरचं, एवढं कळत नाही मला?"

हे त्यांचे खास शब्द. इनलेट-एक्झॉस्टशी त्यांचं कधीच जमलं नाही. हवा आत घेतं ते आतलं, धूर बाहेर टाकतं ते बाहेरचं.

"मग माझ्यावर संशय आहे का?" नवऱ्याने विचारलं.

"चावी तुमच्याकडेही आहे."

"असं असेल तर भागीदारी कशाला ठेवायची?" नवरा म्हणाला.

एवढ्यात दारातून आवाज आला, "मोडायचीच असेल तर मला आधी आत येऊ द्या. भांडण मला पहिल्यापासून बघायला आवडतं."

२

ती मावशी होती. आमच्या आईची धाकटी बहीण, नाक-कान-घशाची निवृत्त डॉक्टर. सारा जन्म लोकांच्या नाकातोंडात बॅटरी मारण्यात गेलेला. शनिवारी ती मला बाजारात घेऊन जाते आणि कोबी निवडताना सगळ्या घरादाराचं काय चाललंय ते काढून घेते.

नवऱ्याने तिला सगळं सांगितलं. मावशीने पर्समधून स्वतःची बॅटरी काढली आणि हेडमध्ये डोकावली.

"सुंदर," ती म्हणाली. "इतकं स्वच्छ नाक मी आजवर पाहिलं नाही. कुलूप फोडलेलं होतं का गं?"

"नाही. चावी भाऊजींकडे, यांच्याकडे आणि अडीअडचणीला म्हणून शेजारच्या चकाकीकाकांकडे."

चकाकीकाका ढाली, करंडक आणि पितळी भांडी चमकवून देतात. त्यांना बोलवायची गरज नव्हती, ते मावशीच्या मागोमाग दारात येऊन उभे होते.

"चावी आहे माझ्याकडे, नाही कशाला म्हणू?" ते म्हणाले. "पण माझं चाक बघा, ताटाएवढं. हे बीळ पडलं वाकडं. यात माझं चाक जाणार कुठून? आणि मी हात लावला असता तर दोन्ही बिळं चमकवली असती, वर हेड बाहेरूनही चमकवलं असतं. अर्धवट काम माझ्या दुकानातून बाहेर पडत नाही."

हे खरं होतं. त्यांनी एकदा मैत्रीखातर आमचा गंजलेला पाना चकाकवून दिला होता, तो अजून कुणी वापरायला धजत नाही.

मग हेल्मेट काखेत मारून भूगोलाच्या बाई आल्या. "संध्याकाळपर्यंत बसवाल ना?" त्यांनी विचारलं, आणि आमची तोंडं बघून खुर्ची ओढली.

"बाई," मावशी म्हणाली, "काल तुम्ही इथे आला होतात?"

"हो. मी यांना म्हटलं, आतून सगळं आरशासारखं करा ना. दोन्ही. गुळगुळीत रस्त्यावर गाडी जोरात जाते, मग हवा का नाही? तर यांनी मला हवेच्या वाटेचं सगळं समजावून सांगितलं. वर्गात पोरं माझं ऐकतात तसं मी ऐकलं."

"म्हणजे लक्ष नव्हतं," मावशी म्हणाली.

"अर्धं होतं. पण मी केलं नाही. मला यातलं यंत्रसुद्धा धरता येत नाही. आणि उद्या वळणावर मला हेच इंजिन लागणार आहे."

मावशीने मान हलवली आणि टेबलाच्या आसपास बघायला लागली. "आज सकाळी इथे झाडलं कुणी?"

"मी," मी म्हटलं. "कचरा अजून डब्यातच आहे."

डॉक्टर असल्यामुळे तिला कशाची किळस नाही. तिने डबा वर्तमानपत्रावर उपडा केला. ॲल्युमिनियमचा भुगा, झिजलेले पॉलिश पेपर, आणि त्यात कापडाच्या दोन लांबट चिंध्या, कडेला बारीक बारीक दाते असलेल्या. चिंध्यांवर पॉलिशचा हिरवा डाग होता.

"या कशाला?"

नवऱ्याने चिंधी हातात घेतली. "वाटेची उघडझाप करणारा व्हॉल्व्ह ज्या कडेवर टेकतो, ती कडा जपावी लागते. घासताना यंत्र निसटून तिच्यावर ओरखडा गेला की हेड बाद. म्हणून आम्ही तिच्यावर टेप लावतो. इथे कुणीतरी टेपऐवजी कापड बसवलंय. आणि," त्याने वाकून बघितलं, "कडा अगदी शाबूत आहे."

"म्हणजे करणारा शत्रू नाही," मावशी म्हणाली. "शत्रूने पहिला घाव तिथेच घातला असता."

त्या चिंधीकडे भाऊजी बघत होते. त्यांचा चेहरा एकदम उतरला.

"पुरे झालं मावशी," ते म्हणाले. "हे मीच केलं. आणि सोमवारपासून मी येत नाही."

३

हे दोघे दिवसातून दहा वेळा भागीदारी मोडतात, पण ते नवऱ्याच्या तोंडचं वाक्य असतं. भाऊजी कधी बोलले नव्हते. भाऊजी गेले तर वर्कशॉपमध्ये उरणार काय? एक घोरणारी पेटी आणि मी.

"थोरले जावईबापू," मावशी शांतपणे म्हणाली, "रुग्ण स्वतःच रोगाचं नाव सांगायला लागला की मी त्याच्यावर विश्वास ठेवत नाही. छोटे, चहा कर."

मी चहा केला. कपबशा धुवायच्या राहिल्या होत्या म्हणून स्टीलच्या पेल्यांतून दिला. चहा उकळता होता. बाईंनी पेला ओढणीच्या टोकाने धरला, काकांनी रुमालाने, नवऱ्याने वरच्या कडेला दोन बोटांनी, तेही फू-फू करत. भाऊजींनी सरळ मुठीत धरला आणि विचार करत बसले.

मावशी त्यांच्या मुठीकडे बघत होती. मी मावशीकडे बघत होते. मला काही कळलं नाही, पण कोबी निवडताना ती अशीच बघते आणि मग दुकानदाराला खालचा कोबी काढायला लावते.

"धाकटे जावईबापू," ती म्हणाली, "काल शेवटचा हात या हेडला कुणी लावला?"

"मी. साडूभाऊ लवकर घरी गेले. त्यांनी दोन्ही पोर्टं घासून ठेवली होती, पॉलिश तेवढं राहिलं होतं. ते हल्ली म्हणतात, पॉलिश मी सकाळी लवकर येऊन निवांत करतो. मी हेड घोरपेटीवर मोजलं आणि परत टेबलावर ठेवलं."

"होतं तसंच?"

नवरा विचारात पडला. "नाही. दारातून उजेड येतो ना, इनलेट एकदा नीट बघायचं होतं म्हणून मी ते दाराकडे तोंड करून ठेवलं. साडूभाऊ एक्झॉस्ट दाराकडे ठेवून जातात."

"नेहमी?"

"नेहमी. त्यांची सवय आहे."

भाऊजींनी डोळे मिटून घेतले.

"आणखी एक," मावशी म्हणाली. "बाकीची हेडं तुमच्याकडे येतात ती वापरलेली. त्यांच्यात धुराची वाट कुठली ते कसं कळतं?"

चकाकीकाकाच बोलले. "त्यात काय कळायचं? तोंडाभोवती काजळीचा डाग असतो. एकदा मी घासूनसुद्धा तो पुरता गेला नव्हता."

"आणि हे हेड नवं होतं. धूर त्याने अजून बघितलाच नाही." मावशीने चहा संपवला. "छोटे, जा आणि समोरून तुझ्या ताईला बोलावून आण. काय झालं ते सांगू नकोस."

"तिला कशाला?" भाऊजी ताडकन उठले. "तिचा काय संबंध? तिला गिऱ्हाइकं आहेत, कामाची घाई आहे."

"बसा," मावशी म्हणाली, आणि भाऊजी बसले. तिच्यापुढे घसा उघडताना माणसं बसायची, तसे.

४

ताईचं शिवणाचं दुकान रस्त्याच्या पलीकडे आहे. ती गळ्यात टेप अडकवूनच आली. "काय गं, एवढी तातडी?" म्हणाली, आणि मग सगळ्यांना ओळीने बसलेलं बघून दारातच थांबली.

मावशीने हेड टेबलाच्या मधोमध ठेवलं, हवेची वाट दाराकडे करून. दोन्ही तोंडांवर तिने रुमाल टाकले, आत काय चमकतंय ते दिसू नये म्हणून.

"एक खेळ आहे," ती म्हणाली. "प्रत्येकाने मला यातलं बाहेरचं पोर्ट दाखवायचं."

नवऱ्याने डोळे झाकूनही दाखवलं असतं. त्याने दुकानाच्या आतल्या भिंतीकडचं तोंड दाखवलं. धूर तिकडून निघतो. भाऊजींनी नाइलाजाने तेच दाखवलं. बाई म्हणाल्या, "कुठल्या अर्थी बाहेरचं? दिशा आधी ठरवा." काकांनी दाराकडचं दाखवलं आणि बरोबर आहे का म्हणून सगळ्यांकडे बघितलं.

"आता तू," मावशी ताईला म्हणाली.

ताईने हात उचलला. दाराकडच्या तोंडावर बोट ठेवलं. "हे ना? बाहेरच्या बाजूचं." तिने भाऊजींकडे बघितलं आणि तिचं बोट तिथेच थबकलं. "अहो, हे नव्हतं?"

मग मावशीने रुमाल काढले आणि तिला जवळ बसवलं.

"आता ऐका," ती म्हणाली. "मी कापायच्या आधी रुग्णाला नेहमी सांगायचे, तसं सांगते. ज्याने हे केलं त्याला तुमचा नियम ठाऊक होता, एक वाट चमकवायची आणि एक ठेवायची. बाई किंवा काका असते तर दोन्ही चमकल्या असत्या, हे त्यांनीच सांगितलं. म्हणजे माणूस घरचा. पण दोन्ही जावयांची अशी गफलत होणार नाही, दोघांनी आत्ता दाखवलं. म्हणजे घरचा तिसरा माणूस. काम जाणणारा, पण वाट ओळखायला ज्याला काजळीचा डाग लागतो. डाग नसला तर 'बाहेरचं' या शब्दावर चालणारा. काल शब्द तोच राहिला आणि हेड फिरलं."

"काकांनीही दाराकडचंच दाखवलं," बाई म्हणाल्या. वर्गात एक मुलगा असा असतोच.

"दाखवलं. पण काकांकडे कापडाला दाते पाडणारी कात्री नाही." मावशीने चिंधी पुढे केली. "कापडाचे धागे सुटू नयेत म्हणून ही कात्री वापरतात. माझ्या झग्यांच्या शिवणीला आतून हीच कड असते, आणि ते झगे कोण शिवतं?"

मी डोक्याला हात लावला. माझ्या स्वतःच्या अंगावरच्या कुडत्याला आतून तीच कड होती, आणि ती चिंधी मीच झाडून डब्यात टाकली होती.

"पण ताई पॉलिश का करेल?" नवऱ्याने विचारलं. "साडूभाऊंचा हात असताना?"

मावशीने भाऊजींचा हात आपल्या हातात घेतला आणि सगळ्यांना बोटं दाखवली. टोकं पांढरी पडली होती. "उकळता चहा यांनी मुठीत धरला आणि यांना कळलंसुद्धा नाही. छोटे, हे हेड कसं तपासायचे?"

"करंगळी आत घालून," मी म्हटलं. "डोळे मिटून." आणि बोलता बोलता मला कळलं. सकाळी त्यांनी बॅटरी घेतली होती.

"बरीच वर्षं ग्राइंडर धरला की त्याची थरथर बोटांच्या रक्तवाहिन्या आणि नसा खाते," मावशी म्हणाली. "हे लपवण्यासारखं पाप नाही, दाखवण्यासारखं दुखणं आहे. लपवून वाढवलंत."

भाऊजी खाली बघत म्हणाले, "मोठं घासकाम अजून जमतं, ते डोळ्यांनी होतं. पॉलिश बोटांनी होतं. मला लागेनासं झालं. ही म्हणाली, मी करते, मखमलीवर हात फिरवून माझी बोटं तयार आहेत. सकाळी शटर अर्धं खाली ओढून करायची. आज मी सोबत आलो असतो तर हे झालंच नसतं. पण बोटं बधिर झाली होती, म्हणून तिला चावी दिली आणि सांगितलं, बाहेरचं चमकव, आतलं तसंच ठेव."

"तसंच केलं मी," ताई म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "अहो, 'बाहेरचं' म्हणजे दाराकडचं नव्हे, हे इतक्या महिन्यांत एकदा तरी सांगायचं. तुम्ही ते नेहमी दाराकडेच ठेवायचात, काजळीही तिकडेच असायची. मला वाटलं, म्हणूनच ते बाहेरचं."

मला एकाच वेळी हसू आणि रडू आलं. एवढ्या महिन्यांत शब्द एक आणि अर्थ दोन, आणि दोघांचा संसार बिनबोभाट चालला होता.

५

नवऱ्याने ती चिंधी उचलून टेबलावर नीट पसरवली. मला भीती वाटली, आता हा काय बोलतो.

"साडूभाऊ," तो शेवटी म्हणाला, "फजिती माझी झाली. मी आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तुमच्या पॉलिशचं कौतुक सांगतोय. म्हणतोय, वयाबरोबर हात सुधारलाय."

"ऐकत होतो," भाऊजी म्हणाले. "प्रत्येक वेळी वाटायचं, आता सांगावं. मग वाटायचं, हात गेला म्हटलं की भागीदार कशाला ठेवेल?"

"हाताशी भागीदारी केली होती का मी? तुम्ही गेलात तर घासायचं कुठे आणि किती, हे कोण सांगणार? आणि मी भांडू कुणाशी? हिच्याशी भांडून मी कधी जिंकलो नाही."

"जिंकणारही नाही," मी म्हटलं.

"सोमवारपासून येणार नाही म्हणालात," मावशी भाऊजींना म्हणाली, "ते निम्मं खरं करा. सोमवारी माझ्याबरोबर हाताच्या डॉक्टरांकडे यायचं. तोवर ग्राइंडरला शिवायचं नाही."

"पण माझं हेड?" भूगोलाच्या बाई म्हणाल्या. त्यांना विसरलोच होतो.

बिघडलं होतं ते निस्तरण्यासारखं होतं. चमकलेली भिंत पुन्हा खरबरीत करायची आणि राहिलेली चमकवायची. शटर पूर्ण वर होतं आणि रस्त्यावरून जाणारे येणारे बघत होते. ताईने गळ्यातला टेप काढून माझ्या गळ्यात घातला आणि यंत्र हातात घेतलं. भाऊजी हात पाठीमागे बांधून तिच्या शेजारी उभे राहिले. "सावकाश. वळणाच्या आतल्या बाजूला जोर नको. तिथे हवा वळते, तिला अंग चोरायला लावू नकोस." नवरा मधे बोलायला गेला तेव्हा दोघांनी त्याला गप्प केलं.

जाड पेपरने काम झाल्यावर भाऊजींनी सवयीने करंगळी आत घातली. डोळे मिटले. काही क्षणांनी बोट बाहेर काढलं आणि ताईला विचारलं, "कसं लागतंय?"

ताईने आपलं बोट घातलं. "जाड खादीसारखं," ती म्हणाली. "सगळीकडे सारखं. फक्त व्हॉल्व्हच्या नळीमागे थोडं पॉपलीन राहिलंय."

"तिथे अजून दोन हात मार," भाऊजी म्हणाले.

घोरपेटीवर पाणी जिथे जायला हवं तिथे गेलं. संध्याकाळी हेड गाडीवर बसलं.

रविवारी आम्ही सगळे शर्यतीला गेलो, काकासुद्धा. बाई दुसऱ्या आल्या. पहिल्या आल्या असत्या, पण शेवटच्या चढावर एका फाट्याला त्या भलतीकडे वळल्या आणि त्यांना परत फिरावं लागलं. जन्मभर नकाशे शिकवणाऱ्या बाई रस्ता चुकल्या, हे त्यांच्या शाळेतल्या पोरांना कळलं तर पुढचा वर्ग कसा होणार, याची त्यांना शर्यतीपेक्षा जास्त काळजी होती.

शर्यतीतला एक दांडगा गडी हेल्मेट काढत आमच्याकडे आला. गाडीच्या आवाजाने तो वेडा झाला होता. "चढावर काय श्वास घेते ही गाडी," तो म्हणाला. "हेडला हात कुणाचा?"

नवऱ्याने सवयीने तोंड उघडलं. भाऊजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला थांबवलं आणि मागे उभ्या असलेल्या ताईला दंडाला धरून पुढे आणलं.

"हिचा," ते म्हणाले. "माझ्या बायकोचा. तुमचं हेड आणायचं असेल तर तिला विचारून आणा. मी फक्त शेजारी उभा असतो."